आधी तुमची वाडी सांगा

दापोलीत एस.टी. स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. सिम, रिचार्ज, दुरुस्ती, कव्हर, सगळं. दिवसातून कितीदा तरी एकच प्रश्न कानावर येतो, “वहिनी, हल्ली कुठलं सिम चांगलं?” मी लगेच उत्तर देत नाही. राहता कुठे, कुठली वाडी, घर वर रस्त्याला की खाली बागेत, भिंती चिऱ्याच्या की विटांच्या, वर कौलं की पत्रे, एवढं आधी विचारून घेते. काहींना राग येतो. दुसरीकडे काही न विचारता सिम हातात मिळतं, मग इथे एवढी चौकशी कशाला?

कारण या चौकशीशिवाय दिलेलं उत्तर खोटं असतं. साऱ्या देशात चांगली, साऱ्या महाराष्ट्रात चांगली अशी कंपनी मला या धंद्यात अजून भेटलेली नाही. तुमच्या माजघरात बसून ज्या कंपनीचा फोन लागतो आणि रात्री लाइट गेल्यावरही लागतो, ती तुमची कंपनी. ओढ्यापलीकडच्या वाडीला दुसरीच कंपनी बरी पडेल.

दापोली शहर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर आहे. बाजारपेठेत उभं राहिलं की सगळ्या कंपन्यांची रेंज फुल दिसते. माणूस इथे सिम घेतो, इथेच चालू करून बघतो, खूश होऊन आंजर्ल्याच्या नाहीतर केळशीच्या गाडीत बसतो. गाडी घाटी उतरायला लागली की रेंजच्या काड्या एकेक करून कमी होतात आणि घरी पोचेपर्यंत फोन मुका झालेला असतो. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे येतो आणि म्हणतो, “सिम खराब आहे.” सिम खराब नसतं. त्याचं घर डोंगराच्या आड असतं.

यामागचं कारण समजायला अवघड नाही, पण गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही. प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या मेगाहर्ट्झवर काम करते. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात, डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकतात आणि भिंतीतून आतही येतात. २३०० च्या किंवा फाइव्ह-जीसाठी वापरतात त्या ३३०० च्या लहरी भरपूर डेटा वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी आणि भिंत आडवी आली की त्या लवकर दमतात. त्यात आमच्याकडची चिऱ्याची जाड भिंत, आणि तीही पावसाने ओली झालेली. पत्र्याचं छप्पर तर लहर परतवूनच लावतं. म्हणून अंगणात फाइव्ह-जी दाखवणारा फोन स्वयंपाकघरात गेला की अडखळतो. शहरातल्या माणसाने वेगासाठी फाइव्ह-जी जरूर बघावं. दरीतल्या वाडीत राहणाऱ्याने मात्र खालच्या मेगाहर्ट्झवर कोणाचा फोर-जी चालतो ते बघावं, फोनच्या कोपऱ्यातल्या ‘५’ या आकड्याला भुलू नये.

“टॉवर तर आमच्या घराच्या मागेच आहे,” असंही पुष्कळ जण सांगतात. तो लोखंडी मनोरा बहुतेक वेळा सिमच्या कंपनीचा नसतोच. इंडस टॉवर्ससारख्या कंपन्या मनोरे उभारतात आणि ज्यांना हवं त्या सिमकंपन्यांना त्यावर भाड्याने जागा देतात. एकाच मनोऱ्यावर तिघांचे अँटेना असतील किंवा एकाचाच असेल, खालून बघून कळत नाही. शिवाय अँटेनाची तोंडं ठरावीक दिशांना असतात. तुमची वाडी दोन तोंडांच्या मधल्या बेचक्यात सापडली तर मनोऱ्याच्या सावलीत राहूनही फोन कापला जातो.

रेंजच्या बाबतीत मी सर्वांत जास्त विश्वास कोणावर ठेवते, तर हर्णै बंदरातल्या तांडेलांवर, म्हणजे मासेमारी बोटींच्या चालकांवर. बोट बंदरातून बाहेर पडली की किनाऱ्याशी बोलायचं ते याच फोनवर. मासळी किती लागली, लिलावाला कधी पोचतो, बर्फ किती तयार ठेवायचा, सगळं त्यावर ठरतं. त्यामुळे कुठल्या कंपनीची रेंज किती वाव पाण्यापर्यंत साथ देते आणि कुठे तुटते, हे त्यांना तोंडपाठ असतं. एका तांडेलाने मला बोट दाखवून समजावलं होतं, “वहिनी, हे सिम सुवर्णदुर्ग मागे टाकला की थोड्या वेळात जातं, आणि हे त्याच्या पुष्कळ पुढे बोलतं.” त्याच्या फोनमध्ये दोन सिम होती, दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि कुठलं कशासाठी ते पक्कं ठरलेलं. जाहिरातीतल्या नकाशापेक्षा ही माहिती मला मोलाची वाटते.

नकाशेही आता बघायला मिळतात, ही चांगली गोष्ट झाली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले, आणि कंपन्यांना आपली रेंज कुठे आहे याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकणं भाग पडलं. सिम घेण्याआधी ते जरूर उघडावेत. ज्या कंपनीच्या नकाशातच तुमची वाडी कोरी आहे, तिच्यावर वेळ घालवू नये. पण नकाशात वाडी रंगलेली दिसली म्हणून निश्चिंतही होऊ नये. कौलाखाली, चिऱ्याच्या आड, गोठ्यात काय होतं ते त्या रंगात कळत नाही.

ते कळायचा मार्ग एकच. जी कंपनी मनात आहे तिचं सिम शेजाऱ्याकडे असेल तर त्याला घरी बोलवा आणि त्याचा फोन घेऊन घरभर फिरा. कोणाकडे नसेल तर त्या कंपनीचं एक नवं साधं सिम घ्या, लहानात लहान रिचार्ज मारा आणि फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून महिनाभर वापरा. देवघरात, मागीलदारी, काजूच्या बागेत, शाळेच्या वाटेवर, उपजिल्हा रुग्णालयाच्या रस्त्यावर फोन लावून बघा. रात्री नऊच्या सुमारास बघा, कारण त्या वेळी सगळं गाव नेटवर असतं. पटलं तर मगच जुना नंबर तिकडे पोर्ट करा.

हा क्रम मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. PORT लिहायचं, जागा सोडून आपला नंबर टाकायचा, १९०० वर पाठवायचं. कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे एकाच सेवाविभागात, तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं, दुसऱ्या सर्कलमधून आणायचा असेल तर पाच. मुंबईचं सर्कल वेगळं आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट वेगळा, हे मुंबईहून गावी परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. एवढं सोपं आहे, म्हणून लोक रागाच्या भरात पोर्ट मारतात. पण एकदा गेलात की ९० दिवस तिथून हलता येत नाही. बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग, पीएम किसानचा हप्ता ज्या नंबरावर आहे तो नंबर तीन महिने रेंज नसलेल्या कंपनीत अडकला की काय हाल होतात ते मी काउंटरच्या या बाजूने बघते.

२०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा बीएसएनएलला पोर्ट मारायला माझ्याकडे रांग लागली होती. त्यातले काही तिथेच सुखाने राहिले. काही ९० दिवस भरताच परतले. दोन्हीकडची माणसं शहाणीच होती. त्यांच्या वाड्या वेगळ्या होत्या.

दुसरी एक गोष्ट चाकरमान्यांच्या लक्षात येत नाही. गणपतीत आणि मे महिन्यात गाव भरतं. काड्या सगळ्या दिसतात आणि तरी नेट गोल गोल फिरत राहतं, फोन लागता लागत नाही. काड्या फक्त एवढंच सांगतात की टॉवर तुम्हाला ऐकू येतोय. त्या टॉवरवर किती माणसं एका वेळी लटकली आहेत ते त्या सांगत नाहीत. ज्या गावात सगळं गाव एकाच कंपनीवर आहे, तिथे सणासुदीला त्या कंपनीचा श्वास कोंडतो. म्हणून घरात चार फोन असतील तर चारही एका कंपनीचे ठेवू नका, निदान एक दुसऱ्या कंपनीचा असू द्या. फॅमिली प्लॅनमध्ये थोडे पैसे वाचतात हे खरं, पण घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण असताना ते पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

आता लाइटचं. कोकणात फोनचा विचार लाइटला सोडून करताच येत नाही. टॉवरच्या खालच्या पेटीत बॅटऱ्या असतात. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागतं, डिझेल आणणारा माणूस लागतो, त्याला रस्ता मोकळा लागतो. या साखळीतली एक कडी निसटली की साऱ्या खोऱ्याचे फोन बंद. काही टॉवर लाइट गेल्यावर रात्रभर टिकतात, काही तासा-दोन तासांत मान टाकतात. कुठला टिकतो आणि कुठला मान टाकतो, हे कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण गावातल्या दूधवाल्याला आणि आशाताईंना अचूक ठाऊक असतं. सिम घेण्याआधी त्यांना विचारा.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळी आडव्या करत गेलं. विजेचे खांब पत्त्यांसारखे पडले. कित्येक गावांत आठवडे-आठवडे लाइट आली नाही. त्यात लॉकडाऊन. मुंबईतल्या मुलाला एरवीसारखी रात्रीची गाडी पकडून येता येत नव्हतं आणि आईचा फोन लागत नव्हता. घराचं छप्पर आहे की उडालं, माणसं धड आहेत का, काही कळायला मार्ग नाही. आमच्या दुकानात जनरेटरवर बोर्ड जोडून फोन चार्ज करायला ठेवले होते. प्रत्येकाच्या फोनला चिठ्ठी बांधलेली, नाव आणि वाडी लिहिलेली. चार्ज झालेला फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माणसं पावसात सड्यावर चढत, जिथे कुठल्या तरी टॉवरची एखादी काडी सापडेल तिथे उभी राहत आणि ओरडून सांगत, “आम्ही बरे आहोत.” एकाच्या फोनला रेंज मिळाली की मागे दहा जण आपल्या घरचे नंबर हातावर लिहून उभे. ज्याचं सिम चाललं त्याने ते सगळ्यांना वापरू दिलं. त्या दिवसांपासून माझ्या लेखी विश्वासार्ह कंपनीची व्याख्या बदलली: अशा दिवसांत जिचा फोन लागतो, ती. इतर वेळी नेट किती पळतं याला मी फार मान देत नाही.

थोडं फोनविषयी, कारण सिमचा दोष म्हणून येतो तो निम्म्या वेळा फोनचा असतो. एक आजी जुना बटणांचा फोन घेऊन आल्या. मुलाने मुंबईहून जिओचं सिम पाठवलं होतं, रिचार्जही मारून दिलेला. फोनवर काहीच येईना. जिओचं नेटवर्क पहिल्यापासून फोर-जीचं, त्यात टू-जी नाही. साध्या टू-जी फोनवर ते चालत नाही, त्याला फोर-जीचा बटणफोन लागतो. आजींना नवा फोन नको होता. या फोनवर हिरवं बटण दोनदा दाबलं की मुलगा बोलतो, एवढं त्यांच्या बोटांना पाठ होतं. त्यांना टू-जी चालवणाऱ्या कंपनीचं सिम दिलं आणि मुलाला फोन करून समजावलं. घरच्या म्हाताऱ्यांसाठी दुरून सिम घेणाऱ्यांनी आधी त्यांच्या हातातला फोन कुठला आहे ते विचारावं. आणि घरात फायबरचं नेट आलं असेल तर चांगल्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून द्यावं. चिऱ्याच्या घरात त्याचा मोठा आधार होतो.

दराबद्दल फार लिहीत नाही, कारण तिन्ही खासगी कंपन्यांच्या दरांत आता पूर्वीइतका फरक उरलेला नाही. एअरसेल, टेलिनॉर, डोकोमो गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या, भाव करायला गिऱ्हाइकाकडे फारसं काही राहिलं नाही. दोन गोष्टी मात्र मागून घ्या. अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा मारावा लागतो. पूर्ण ३० दिवसांचाही प्लॅन ठेवण्याचा ट्रायचा आदेश २०२२ पासून आहे. आणि ज्यांना नेट नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन असावेत, असं ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं, त्यानंतर ते आलेही. ते जाहिरातीत दिसत नाहीत. विचारलं तर मिळतात.

धंद्यातलं एक खरं सांगते. नव्या सिमवर आणि पोर्टवर दुकानदाराला जे सुटतं ते रिचार्जपेक्षा जास्त असतं आणि कंपनीगणिक, महिन्यागणिक बदलतं. म्हणून दुकानदार अमुकच घ्या म्हणाला तर त्याला विचारा, “तुझ्या आईच्या फोनमध्ये कुठलं आहे?” आठवडा बाजारात छत्री लावून फुकट सिम वाटणाऱ्यांकडून तर घेऊच नका. “अंगठा नीट आला नाही, परत ठेवा,” म्हणत एकाच्या नावावर दोन-दोन सिम काढल्याचे प्रकार झालेले आहेत. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर बघता येतं. एकदा बघाच.

एवढं सगळं गिऱ्हाइकाने करायचं आणि कंपन्यांनी काय करायचं? इथे माझी खरी तक्रार आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांत एक तरतूद चांगली आहे: नेटवर्क २४ तासांहून जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला दिवस वाढवून मिळतात. पण त्यासाठी मोजमाप धरलंय ते जिल्ह्याचं. रत्नागिरी जिल्ह्यात दीड हजारांच्या आसपास गावं आहेत. एका खोऱ्यातला एक टॉवर पावसाळ्यात चार-चार दिवस मेलेला असला तरी जिल्हा ‘चालू’च दिसणार. त्या खोऱ्यातल्या माणसाने पैसे पूर्ण भरलेत, त्याचे दिवस कापले जातायत आणि त्याला कोणी विचारत नाही. २०१५ मध्ये ट्रायने प्रत्येक कॉल ड्रॉपला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई ठरवली होती. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हापासून वाडीतल्या माणसाच्या हाती काही आलेलं नाही.

भरपाई टॉवरवार झाली पाहिजे. ते अशक्य आहे असं कोणी म्हणू नये. टॉवरची लाइट गेली, बॅटरी उतरली, डिझेल संपलं, तर त्याचा इशारा कंपनीच्या कंट्रोल रूमला त्याच क्षणी जातो. कुठला टॉवर कितीला बंद पडला आणि कितीला चालू झाला, हे त्यांच्याकडे मिनिटासकट नोंदलेलं असतं. ती नोंद लोकांसाठी खुली करा. मागच्या पावसाळ्यात आमच्या गावचा टॉवर किती तास बंद होता हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू दे. मग कुठलं सिम घ्यायचं हे मला विचारायला कोणाला यावं लागणार नाही.

दुसरी मागणी आणखी महत्त्वाची. रेंज गेल्यावर पुष्कळदा फोनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं येतं. याचा अर्थ तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि त्यावरून ११२ लागू शकतो. म्हणजे फोन त्या टॉवरशी बोलायला तयार आहे, अडवलंय ते कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबाने. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर एकाची रेंज दुसऱ्याच्या सिमला वापरू द्यायची, हे जानेवारी २०२५ पासून सुरू झालेलं आहे. मग वादळात, पुरात, लाइट गेलेल्या रात्री हीच सोय प्रत्येक टॉवरवर, सगळ्या कंपन्यांना सक्तीची का नको? हिशेब कंपन्यांनी नंतर आपसात करावा. बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाला गाडीवाल्याला एक फोन लावता आला पाहिजे, मग सिम कुठलंही असो.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. टॉवर बंद पडला की तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. एकट्याची तक्रार मागे पडते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करा आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत टॉवरचा विषय घ्यायला लावा. ठरावात टॉवर कुठला, कुठल्या कंपन्यांचे अँटेना त्यावर आहेत, पावसाळ्यात तो कधी आणि किती वेळ बंद होता, हे सगळं येऊ द्या. त्याची एक प्रत कंपनीला, एक तहसीलदारांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, कारण जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. ठरावाचा मसुदा लिहायला कोणाला मदत हवी असेल तर दुकान सकाळी नऊला उघडतं.